वडिलांचा व्यवसाय

१८ ऑक्टोबर

लेखी पास झाले.

यादीत नाव नसतं, नुसते रोल नंबर असतात. आईने मोबाइल डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाली, "यात तू कुठली?" मी बोट ठेवून दाखवलं. तिचं फारसं समाधान झालं नाही, पण तिच्या पुढ्यात जीन्सचा ढीग पडला होता. उल्हासनगरच्या गाळ्यावरचा माणूस संध्याकाळी न्यायला येतो, त्याआधी दीडशे पँटींचे लोंबते धागे कापायचे असतात. त्यामुळे माझ्या यशावर तिला जास्त वेळ घालवता आला नाही.

शेजारच्या राजाबाई मावशी मात्र खास येऊन बसल्या. मी समजावलं की ही केंद्रीय सशस्त्र पोलीस दलातल्या असिस्टंट कमांडंटची परीक्षा आहे. सीमेवर, विमानतळावर, जंगलात, सरकारला जिथे जिथे माणसं उभी करायची असतात, त्या उभ्या राहणाऱ्यांचा अधिकारी.

"मंजे पोलीसच ना गो?"

"तसंच काहीतरी."

"मंग आमच्या मोरिवलीच्या नाक्याव उभी रव. तिथं लय गाड्या आडकतान."

देशसेवेची ही संधी मी विचारात घेतली आहे.

पप्पा रात्रपाळी करून बदलापूरहून सायकलवर सकाळी नऊला आले. निकाल सांगितला. "बरं झालं," म्हणाले. मग विचारलं, आता काय काय राहिलं. मी सांगितलं: धावणं, लांब उडी, डॉक्टरी तपासणी, मुलाखत. लांब उडी किती, ते दोनदा विचारलं. तीन मीटर. मग भिंतीकडे तोंड करून झोपले. आमच्याकडे आनंद साजरा होतो तो असा. खोली एकच आहे, मोठा आनंद मावतही नाही.

२७ ऑक्टोबर

अंबरनाथ पूर्वेला दही-पनीरच्या दुकानावर 'शिखर डिफेन्स अकॅडमी' आहे. तिथे नाव घातलं. चालवणारे कल्पेश सर. सरांनी ही मुलाखत तीनदा दिली आणि तिन्ही वेळा नापास झाले. त्यामुळे चुका त्यांच्याइतक्या कोणालाच माहीत नाहीत, असं ते स्वतःच पहिल्या दिवशी सांगतात. आम्ही अकरा जण ते ऐकून वहीत लिहून घेतो.

आज सरांनी माझा फॉर्म तपासला. मुलाखत घेणाऱ्यांच्या हातात हाच कागद असतो. 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यावर पेन थांबलं.

"वडील काय करतात?"

"बदलापूरला सोसायटीत वॉचमन आहेत."

सरांनी डोळे मिटले. जणू मी वर्गात काहीतरी सांडलं होतं.

"असं नाही लिहायचं. फर्स्ट इम्प्रेशन असतं. लिही, सिक्युरिटी मॅनेजमेंट. खोटं आहे का? नाही ना?"

खोटं नाहीच. पप्पा एक गेट, एक शिट्टी आणि एक वही मॅनेज करतात. मी लिहिलं. पप्पांना सांगितलं नाही. त्यांना इंग्रजी कुठे वाचायचंय.

९ नोव्हेंबर

आठशे मीटर, चार मिनिटं पंचेचाळीस सेकंदांत. माझी आजची वेळ पाच मिनिटं दहा. एमआयडीसीच्या रस्त्याने पहाटे पळते. मोरिवलीत त्या वेळी हवेला असा वास येतो की माणूस आपोआप जोरात पळतो. ही सोय इतर जिल्ह्यांतल्या उमेदवारांना नसेल.

उडीचं मात्र कठीण आहे. मैदानात वाळूचा खड्डा नाही. कडक मातीवर उडी मारून घोटा सुजला. बॅचमधला प्रीतम म्हणाला, नगरपालिकेला अर्ज दे. मी दिला. तिथल्या बाईंनी तो एका गठ्ठ्यावर ठेवला, आणि त्या गठ्ठ्यावर पंख्याला उडू नये म्हणून अजून एक गठ्ठा ठेवला.

२१ नोव्हेंबर

चमत्कार. मैदानाच्या कोपऱ्यात खड्डा खणलाय आणि त्यात वाळू आहे. बारीक, चाळलेली वाळू. बाजूने विटा लावल्यात. बारा दिवसांत नगरपालिकेने अर्ज मार्गी लावला. मी त्या बाईंबद्दल वाईट बोलले ते मागे घेते.

घरी मात्र वेगळीच कटकट. पप्पांच्या सायकलच्या कॅरिअरवर सिमेंटच्या रिकाम्या गोण्या बांधलेल्या, दारात सगळी रेतीची कचकच. मी झाडू मारता मारता बोलले, की सोसायटीतलं भंगार घरी कशाला आणता. पप्पा म्हणाले, "उद्यापासून नाही आणत." आई माझ्याकडे बघत राहिली. तिचं काही कळत नाही.

१४ डिसेंबर

पप्पांनी नवीन खूळ काढलंय. दिवसा झोपायला घरी येत नाहीत. रात्रपाळी संपली की तिथेच सोसायटीच्या पंप रूममध्ये दुपारपर्यंत झोपतात. म्हणे तिथे हवा छान येते. मोटरीशेजारी. मी आईला म्हटलं, वय झालं की माणूस असाच विक्षिप्त होतो. आई म्हणाली, "तुझा अभ्यास होतोय ना दिवसा?" मी म्हटलं, हो, आता घरात शांतता असते. ती म्हणाली, "मग झालं."

हा विषय तिने नेहमीसारखा भरकटवला.

१७ जानेवारी

पुण्याजवळच्या केंद्रावर शारीरिक चाचणी. शंभर मीटर झालं. आठशे मीटर, चार मिनिटं एकतीस. लांब उडीचे तीन प्रयत्न असतात. पहिल्यात रेषेवर पाय पडला. दुसरी उडी दोन मीटर ऐंशी. तिसऱ्या वेळी पळताना डोक्यात एकच विचार होता, की नापास झाले तर राजाबाई मावशींना काय सांगायचं. तीन मीटर बारा.

डॉक्टरांनी उंची मोजली. एकशे सत्तावन्न हवी, माझी एकशे अठ्ठावन्न. देशाची सुरक्षा एका सेंटिमीटरने बचावली.

१६ फेब्रुवारी

हे लिहावं की नाही, ठरत नव्हतं.

कल्पेश सरांनी सराव मुलाखत स्वतःच्या फ्लॅटवर ठेवली. बदलापूर पश्चिम, संध्याकाळी आठ. आम्ही चौघं स्टेशनवरून रिक्षाने निघालो. गेटवर उतरलो तेव्हा मला कळलं की ही तीच सोसायटी. सर बाराव्या मजल्यावर राहतात आणि पप्पा तळाला. इतके महिने मी पत्ता विचारला नव्हता. पप्पांनाही कधी सोसायटीचं नाव विचारलं नव्हतं, ते नुसतं 'बदलापूरची ड्यूटी' म्हणतात.

पप्पा निळ्या गणवेशात होते. नुकतेच ड्यूटीवर आलेले, केस ओले करून बसवलेले. त्यांनी मला बघितलं. मी त्यांना बघितलं. प्रीतम मागे उभा राहून म्हणत होता, "अरे चल ना यार, लेट होतोय."

मी प्रीतमकडे वळून बघितलं.

पप्पांनी वही पुढे केली. "नाव सांगा मॅडम."

"यशोधरा."

"कोणाकडे?"

"कल्पेश सरांकडे. बाराशे चार."

त्यांनी सावकाश लिहिलं. आडनाव विचारलं नाही. मग लिफ्टकडे हात करून म्हणाले, "डावीकडची चालू आहे. उजवीकडची अडकते."

वरती माझी मुलाखत बरी झाली. सर म्हणाले, माझ्यात आत्मविश्वास आहे. खाली येताना मी बाकीच्यांना मुद्दाम पुढे जाऊ दिलं, पण गेटवर पप्पा नव्हते, दुसराच माणूस होता. म्हणाला, महेंद्रभाऊ मागच्या बाजूला राउंडला गेलेत, आत्ताच.

पप्पांनी चेष्टा केली असावी. मॅडम काय.

१७ फेब्रुवारी

पप्पा दुपारी आले, जेवले, बोंबलाच्या कालवणाला मीठ कमी आहे म्हणाले. बाकी काही नाही. मीही काही नाही. आमच्यात आता एक गोपनीय बाब आहे. केंद्रीय दलासाठी उत्तम तयारी.

१२ मार्च

आज वर्गात सरांनी प्रोजेक्टर लावला. "रिअल लाइफ सिच्युएशन," म्हणाले. "आमच्याच सोसायटीच्या ग्रुपवर आलीये."

बावीस सेकंदांची क्लिप. सकाळची वेळ. गेटबाहेर पांढरी गाडी, पाहुण्यांची. आतून हाफ पँट घातलेला माणूस येतो आणि गेट उघड म्हणतो. हा सोसायटीचा सेक्रेटरी, अभिजीत मोकाशी. वॉचमन म्हणतो, साहेब, एंट्री करून सोडतो, तुमचीच नोटीस आहे. मोकाशी त्याच्या कानाखाली मारतो. टोपी पडते. वॉचमन टोपी उचलतो, झटकतो, घालतो, आणि वही पुन्हा पुढे करतो. इथे क्लिप संपते.

सर म्हणाले, "तुम्ही तिथले ऑफिसर आहात. काय कराल?"

प्रीतम म्हणाला, वॉचमनने आधी फोन करून विचारायला पाहिजे होतं. मागच्या बाकावरचा एक म्हणाला, हे वॉचमन लोकही हल्ली नियम दाखवायला लागलेत. बरेच जण हसले. सरांनी क्लिप परत लावली. परत टोपी पडली.

"यशोधरा?"

मी उभी राहिले. "दोन्ही बाजू ऐकून घेईन. सीसीटीव्ही तपासेन. तणाव वाढणार नाही याची काळजी घेईन."

"व्हेरी बॅलन्स्ड," सर म्हणाले. दहापैकी आठ दिले. वर्गात सगळ्यात जास्त.

घरी आले तर पप्पा जेवत होते. डावा गाल सुजला होता. मी विचारलं, काय झालं.

"गेटचा दांडा लागला."

"मी बघितलाय दांडा. त्याने हाफ पँट घातली होती."

घास हातातच राहिला. आईची कात्री तेवढी चालू होती, मग तीही थांबली. तिला काहीच माहीत नव्हतं. सरांनी क्लिप वर्गाच्या ग्रुपवरही टाकली होती, ती मी तिला दाखवली. तिने एकदाच बघितली.

"पोलिसात जाऊ," मी म्हटलं.

"नको. तुझं व्हेरिफिकेशन यायचंय. घरी पोलीस येऊन चौकशी करतात, तूच म्हणालीस. माझं नाव ठाण्यात गेलं तर ते काय लिहितील?"

"पप्पा, घरातल्या कोणी गुन्हा केलाय का, ते बघतात. मार खाल्लाय का, असा रकाना नसतो."

"कोणास ठाऊक. रकाने लय असतात."

हे ऐकल्यावर मला खरं म्हणजे बरं वाटलं. हे मी फक्त इथे लिहिते. क्षणभर वाटलं, ते स्वतःच नको म्हणतायत तर विषय मिटला. मुलाखत पाच आठवड्यांवर आलीये. मग आठ गुण आठवले.

मी म्हटलं, "वर्गात तुमची क्लिप दाखवली. लोक हसले. मी सांगितलं नाही तुम्ही कोण ते. त्या दिवशी गेटवरही नाही बोलले."

"त्या दिवशी तुझे मित्र होते," पप्पा म्हणाले. "बरोबर केलंस. लोक उगाच प्रश्न विचारतात."

आईने कात्री बाजूला ठेवली. "जेवण उरका आणि दोघं जा. ढीग आज नाही झाला तर नाही झाला."

१३ मार्च

काल ठाण्यात तीन तास बसलो. हवालदारांनी आधी मला समजावलं की सोसायटीच्या गोष्टी सोसायटीत मिटवाव्यात. मग पप्पांना समजावलं. मग क्लिप बघितली. मग चहा प्यायले. शेवटी एनसी लिहून घेतली, म्हणजे तक्रार नोंदवली, पण पोलीस स्वतःहून पुढे फार काही करणार नाहीत अशी. पप्पांनी सही केली. त्यांची सही बघून मला आश्चर्य वाटलं, इतकी वळणदार. रोज दोनशे नोंदी करणाऱ्याचं अक्षर.

मूळ क्लिप कोणी काढली, हे विचारायला कल्पेश सरांना फोन केला. तो माणूस माझा बाप आहे, हेही सांगितलं. सर म्हणाले, "अगं, आधी सांगायचंस ना. इंटरव्ह्यूत वापरता येईल. स्ट्रगल अँगल." क्लिप कोणी काढली ते त्यांना आठवत नव्हतं. साक्षीदार म्हणून नाव देता का, विचारलं. म्हणाले, "मला तिथे राहायचंय, यशोधरा. समजून घे."

मी समजून घेतलं. दोन्ही बाजू ऐकून घ्यायच्या असतात.

२० मार्च

एजन्सीने पप्पांना बदलापूरहून काढलं. 'काढलं' म्हणायचं नाही, 'साइट बदलली'. आता शहाडला एका गोदामावर, दिवसपाळी. सायकलने दुप्पट अंतर. पप्पा म्हणाले, "गोदामात माणसं नसतात, ते एक बरं."

अकॅडमी मी सोडली. सरांच्या चुका मला आता पाठ झाल्या आहेत.

१९ एप्रिल, दिल्ली

मुलाखत झाली. दिल्लीत पहिल्यांदाच आले आणि बघितला तो एक रस्ता, एक वेटिंग रूम आणि एक गोल टेबल.

मी हिंदी निवडलं होतं. आपलं हिंदी उल्हासनगरच्या बाजारात घडलेलं आहे, हे मला तिथे बसल्यावर आठवलं. पहिल्या वाक्यात 'अपुन' येता येता राहिला.

पाच जण होते. सीमेवरची तस्करी, अंबरनाथचं प्राचीन मंदिर, दंगलीत जमाव कसा पांगवायचा, सगळं नीट चाललं होतं. मग टोकाला बसलेल्या बाईंनी कागद बघितला. "पिताजी सिक्युरिटी मॅनेजमेंट में हैं. करते क्या हैं?"

उत्तर पाठ होतं. खासगी क्षेत्रात सुरक्षा व्यवस्थेची जबाबदारी. दोनशे वेळा म्हटलेलं.

"वॉचमन हैं, मॅडम. फॉर्म में मैंने शरम से वैसा लिखा था."

बाईंनी विचारलं, "शरम किस बात की?"

"तब लगता था काम की है. अब अपनी है."

अध्यक्षांनी विचारलं, वडिलांकडून या नोकरीसाठी काही शिकलीस का. मी क्लिपबद्दल सांगितलं. थोडक्यात, रडारड न करता. त्यांनी विचारलं, तू गेटवर असतीस तर काय केलं असतंस? मी म्हटलं, मला माहीत नाही. बहुतेक उलटा हात उचलला असता आणि नोकरी घालवली असती. वडिलांनी वही पुढे केली. तेवढा संयम माझ्यात आहे की नाही, ते मला अजून ठाऊक नाही.

"थँक यू," अध्यक्ष म्हणाले.

बाहेर आल्यावर बाकीच्यांनी विचारलं कशी झाली. मी म्हटलं, फॉर्ममध्ये खोटं लिहिल्याचं कबूल केलं आणि अधिकारी होण्याइतका संयम नसल्याचं सांगितलं. एक मुलगी म्हणाली, पुढच्या वर्षी अटेम्प्ट आहे ना तुझा? माझ्यापेक्षा तिलाच जास्त वाईट वाटत होतं.

२० जून

तीनशे अकरावी. निवड झाली.

मुलाखतीत मला किती गुण मिळाले ते अजून कळलेलं नाही. त्या बाईंना माझं म्हणणं आवडलं, की लेखीनेच तारलं, कोण जाणे.

आईने या वेळी मी बोट न ठेवताच नाव शोधलं, कारण शेवटच्या यादीत नाव असतं. यशोधरा महेंद्र रोकडे. तिने ते तिघांचंही असल्यासारखं वाचलं.

२९ जून

अंबरनाथ स्टेशनबाहेर कल्पेश सरांनी फलक लावलाय. माझा फोटो, वर 'शिखरचा आणखी एक तारा'. फोटो सरांच्या फ्लॅटवरच्या सराव मुलाखतीतला आहे. राजाबाई मावशी फलक बघून आल्या. "फोटूत तू लय गोरी दिसतंस गो," म्हणाल्या.

४ जुलै

संध्याकाळी सातला दारात कल्पेश सर. हातात पुष्पगुच्छ. मागे मिठाईचा मोठा खोका घेऊन अभिजीत मोकाशी.

आईने जीन्सचा ढीग सरकवला नाही, त्यामुळे दोघे पँटींच्या मधोमध बसले. पप्पा नुकतेच शहाडहून आले होते, पाय धुऊन मोरीच्या उंबऱ्याशी उभे होते.

मोकाशी माझ्याकडे बघून बोलायला लागले. "मॅडम, अभिनंदन. बदलापूर-अंबरनाथसाठी अभिमानाची गोष्ट. ते त्या दिवशीचं... टेन्शनमध्ये होतो हो. पाहुणे खोळंबले होते. आता आपण मोठ्या पदावर जाणार, असल्या केसेस मागे कशाला राहू द्यायच्या?"

मी दोन वाक्यं तयार ठेवली होती. मार्चपासून. चांगली धारदार होती.

"इकडे बोला साहेब," पप्पा म्हणाले. "मार मला लागला होता."

मोकाशी वळले. त्यांना बहुतेक पप्पांचं नाव माहीत नव्हतं. "हो, हो. मामा, सॉरी. झालं गेलं विसरून जा."

"पोरगी पास झाली नसती तर आला असता का?"

सर मध्ये पडले, "महेंद्रभाऊ, त्यांनी मनापासून..."

"सर, तुम्ही बसा," पप्पा म्हणाले. आवाज चढवला नाही. "साहेब, मारलंत तेव्हा सात-आठ माणसं होती. इथे कोणीच नाही. तुम्ही तिकडे गेटवर बोला. रविवारी सकाळी सातला मी येतो. मग तक्रारीचं बघू."

मोकाशींनी सरांकडे बघितलं, सरांनी पुष्पगुच्छाकडे. निघताना आईने मिठाईचा खोका त्यांच्या हातात परत दिला. "यशोला गोड चालत नाही," म्हणाली. हे मलाही नवीन होतं.

माझी दोन वाक्यं तशीच राहिली. मला कोणी विचारलंच नाही.

७ जुलै, रविवार

पप्पांनी दाढी केली, पांढरा शर्ट घातला. आई पण आली, ती त्या सोसायटीत कधीच गेली नव्हती. पप्पा सायकलवर, आम्ही दोघी लोकलने, सातला गेटवर पोचलो. नवीन वॉचमन पप्पांपेक्षा म्हातारा होता. जय भीम झालं. त्याने नियमाप्रमाणे आमची नोंद केली.

सव्वासात. साडेसात. दूधवाला गेला, पेपरवाला गेला. बाल्कनीतून लोक बघत होते. मला वाटलं, नाही येणार. पावणेआठला मोकाशी आले. गेटपाशी थांबून, जरा जमिनीकडे बघत म्हणाले, "महेंद्रराव, माझी चूक झाली. हात उचलायला नको होता." वॉचमनने ऐकलं, दूधवाला परत येत होता त्यानेही ऐकलं, पहिल्या मजल्यावरच्या दोन बायकांनीही.

पप्पांनी मान हलवली. "ठीक आहे. उद्या ठाण्यात जाऊन सांगतो, मिटलं म्हणून." बस. मला वाटलं होतं काहीतरी मोठं घडेल. तीस सेकंदसुद्धा लागले नाहीत.

परत येताना आई रिक्षात बसली, पप्पांनी सायकल हातात धरली आणि मी त्यांच्याबरोबर स्टेशनपर्यंत चालत आले. त्यांनी विचारलं, ट्रेनिंग कधी, थंडी असते का तिकडे, जेवण मिळतं का. मी सगळं सांगितलं. मग त्यांनी अजून एक विचारलं.

"तुझ्या हाताखाली गेटवर उभी राहणारी माणसं असतील ना?"

"असतील."

"बारा-बारा तास उभं राहून पाय सुजतात. त्यांना मध्ये बसायला एखादी खुर्ची देता आली तर बघ."

मी म्हटलं, नियम काय आहेत ते बघावं लागेल.

"हो," पप्पा म्हणाले. "आधी नियम बघ."